लक्सरचा एक दिवस, २२ माणसं: काय झेपतं आणि काय सोडावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जानेवारीत घरच्याच २२ जणांचा ग्रुप, त्यात ७१ वर्षांच्या सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात, आणि दोन शाळकरी मुलं. इजिप्तमधल्या नाइल क्रूझच्या कार्यक्रमात लक्सरला एकच दिवस आहे आणि कागदावर सहा ठिकाणं छापलीत: व्हॅली ऑफ द किंग्ज म्हणजे राजांच्या थडग्यांचं खोरं, हतशेपसूतचं मंदिर, मेम्नॉनचे पुतळे, अलाबास्टरचा कारखाना, कर्णक आणि लक्सर मंदिर. हे सगळं एका दिवसात होतं का, आणि सासूबाईंनी थडग्यात उतरावं का?

होतं. सहाही ठिकाणं होतात, रोज कितीतरी बसगाड्या हेच करतात. मी स्वतः तेरा-चौदा वर्षं मराठी ग्रुप घेऊन तिकडे जातोय, मीही केलंय. पण रात्री जेवताना "आज काय आवडलं?" असं विचारलं की अशा ग्रुपमधले निम्मे लोक एकमेकांकडे बघतात. खांब होते, भिंती होत्या, ऊन होतं. कुठला राजा कुठल्या थडग्यात ते कुणालाच आठवत नाही. याला कारण ठिकाणांची संख्या नाही. सकाळी खोऱ्यात कुठली तीन थडगी निवडली, तिथेच दिवस बनतो किंवा बिघडतो. बाकीचं मग आपोआप जमतं.

माझी स्वतःची चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत मी सोपी आणि रंगीत म्हणून तीन थडगी सलग दाखवली, तिन्ही रामसेस नावाच्या राजांची. तिन्ही लांबलचक सरळ बोगदे, दोन्ही भिंतींना तेच देव, शेवटी तीच शवपेटी. तिसऱ्यातून बाहेर आल्यावर ठाण्याचे एक काका मला म्हणाले, "अहो, हे तर मगाशीच पाहिलं की." त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. त्या दिवसापासून मी थडगी 'चांगली' बघून निवडत नाही, एकमेकांपासून वेगळी बघून निवडतो.

आता तपशील. खोऱ्यातल्या थडग्यांना केव्ही (म्हणजे किंग्ज व्हॅली) १ पासून ६५ पर्यंत क्रमांक आहेत. त्यातली थोडीच एका वेळी उघडी असतात आणि ती पाळीपाळीने बंद करून दुसरी उघडतात. एका तिकिटात त्यातली तीन पाहता येतात. तुतनखामुन, सेती पहिला आणि रामसेस पाचवा-सहावा यांची तिकिटं वेगळी काढावी लागतात. दर वरचेवर बदलतात, म्हणून आकडे देत नाही. हल्ली तिकीट खिडकीवर रोख घेत नाहीत, कार्डच लागतं, तेव्हा परदेशात चालणारी दोन कार्डं दोन वेगळ्या माणसांच्या खिशात ठेवा. एकच कार्ड, आणि ते नेमकं बँकेने अडवलेलं, अशा वेळी पहाटे सहाला २२ माणसांची रांग मागे उभी असते. मी तो प्रसंग एकदा भोगलाय.

पहिलं थडगं रामसेस सहाव्याचं, केव्ही ९. वेगळं तिकीट लागतं, पण तेवढे पैसे द्याच. उतार हळू आहे, चालायला सासूबाईंना फार त्रास होणार नाही. आणि शेवटच्या दालनाचं छत! नूत ही आकाशदेवी तिथे दोनदा रंगवलीय, पाठीला पाठ लावून, सगळ्या छतभर ताणलेली. ती संध्याकाळी सूर्य गिळते. रात्रभर तो तिच्या अंगातून प्रवास करतो आणि पहाटे तिच्याच पोटी पुन्हा जन्म घेतो. पिवळे गोल तिच्या देहातून एकामागून एक सरकताना दिसतात. तळाशी उभं राहून मान वर केली की दहा मिनिटं कुणी बोलत नाही. सहा वाजता फाटक उघडतं, सव्वासहाला आत शिरा. नऊनंतर हुर्घादाहून समुद्रकिनाऱ्यावरच्या पर्यटकांच्या बस येऊन थडकतात आणि मग त्याच दालनात दादर स्टेशनच्या पुलासारखी गर्दी होते.

दुसरं रामसेस तिसऱ्याचं, केव्ही ११. हे पुन्हा रामसेसचंच, मग वेगळं कसं? दोन गोष्टींमुळे. दारातून आत गेल्यावर दोन्ही बाजूंना छोट्या खोल्या आहेत. त्यात देव कमी आणि घरचं सामान जास्त: भाकऱ्या भाजणारे, रांजण, नावा, शस्त्रं. एका खोलीत वीणेसारखं वाद्य वाजवणारे दोन वादक आहेत, त्यावरून या थडग्याला वादकांचं थडगं म्हणतात. मुलांना आणि बायकांना या खोल्या नेहमी आवडतात, राजाच्या स्वयंपाकघरात डोकावल्यासारखं होतं. दुसरी गोष्ट म्हणजे बोगदा मध्येच उजवीकडे सरकलाय. खोदता खोदता कारागिरांची छिन्नी शेजारच्या जुन्या थडग्यात घुसली. मग त्यांनी थोडं बाजूला सरकून पुन्हा सरळ खोदायला घेतलं. तीन हजार वर्षांपूर्वीचा हा गोंधळ अजून जसाच्या तसा दिसतो. आमच्या एका प्रवाशाने, ते बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, तिथे उभं राहून समाधानाने मान डोलावली होती.

तिसऱ्याला ग्रुप फोडा. ज्यांचे पाय धड आहेत त्यांना थुतमोस तिसऱ्याच्या थडग्यात पाठवा, केव्ही ३४, खोऱ्याच्या अगदी टोकाला. तिथे आधी लोखंडी जिन्याने कड्यातल्या फटीत वर चढायचं आणि मग तेवढंच आत उतरायचं. आत दमट, कोंदट. पण शेवटचं दालन अंडाकृती आहे आणि भिंतींवर रंगीत देव नाहीतच. पिवळसर भिंतीवर काळ्या-लाल रेघांनी काढलेली काडीची माणसं आहेत, जणू एक लांबलचक पपायरस, म्हणजे त्या काळचा लव्हाळ्याचा कागद, उलगडून भिंतीला चिकटवलाय. दोन मुलं असतील तर त्यांना हे नक्की दाखवा, 'असं तर आम्हीही काढू' म्हणतात आणि मग बघत राहतात.

सासूबाई आणि त्यांच्यासोबत दोन-तीन जण त्याच वेळात रामसेस चौथ्याच्या थडग्यात जातील, केव्ही २. ते फाटकापासून जवळ आहे, रुंद, सरळ आणि बेताच्या उताराचं. तिथे मजा भिंतीवरच्या खरडीची आहे. पुढच्या काळात तिथे ख्रिस्ती साधू राहिले, त्यांनी क्रूस आणि प्रार्थना लिहून ठेवल्यात. ग्रीक प्रवाशांनीही आपली नावं टाकलीत. आणि या थडग्याचा प्राचीन आराखडा पपायरसवर सापडला, तो आज इटलीत तुरिनच्या संग्रहालयात आहे. म्हणजे ज्या नकाशावरून हे खोदलं तसला कागद उरलाय आणि खोदलेली जागाही उरलीय, असं सहसा होत नाही. त्या दिवशी केव्ही २ बंद असेल तर रामसेस नववा, केव्ही ६. तेही सोपं. तिकिटातलं एखादं थडगं बघायचं राहिलं तरी जीव जाळू नका. "पैसे वसूल" करायला चौथं-पाचवं थडगं केलं की दुपारी बसमध्ये सगळे झोपलेले.

गुडघ्यांसाठी एक साधी गोष्ट. उतरताना त्रास जास्त होतो, चढताना दम लागतो. लाकडी उतारावर आडव्या पट्ट्या आणि बाजूला कठडा असतो. सासूबाईंनी कठड्याच्या बाजूने, कुणाचाही हात न धरता, आपल्या लयीत उतरावं. शेजारून धरणारा माणूसच त्यांना घाई करतो. मर्नेप्ताह आणि सेती पहिला ही दोन थडगी त्यांच्यासाठी नाहीत, खूप खोल आहेत.

तुतनखामुनचं काय, हे सगळेच विचारतात. माझं मत विचाराल तर मोठ्यांनी सोडावं. ४ नोव्हेंबर १९२२ रोजी इथे उत्खनन करणाऱ्या हॉवर्ड कार्टरच्या लोकांना पहिली पायरी लागली, खाली एकूण १६ पायऱ्या. थडगं अगदी लहान आहे, खोऱ्यातल्या राजांमध्ये गरिबाचं घर म्हणावं तसं, आणि फक्त एकाच खोलीला रंगकाम. खजिना तिथे नाही, तो गिझाच्या ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये आहे. मग लोक का जातात? कारण तो स्वतः तिथेच आहे. काचेच्या पेटीत, पांढऱ्या कापडाखाली, काळा पडलेला चेहरा आणि पावलं तेवढी उघडी. एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा. तुमच्या मुलांना मी नेईन, त्या चेहऱ्यापुढे ती गप्प होतात. जाता जाता त्यांना हेही दाखवा की हे थडगं रामसेस सहाव्याच्या थडग्याला जवळजवळ खेटून आहे. वरचं खोदणाऱ्या कारागिरांनी आपल्या झोपड्या नेमक्या या दाराच्या ढिगाऱ्यावर बांधल्या, म्हणून पुढच्या काळातल्या चोरांना ते सापडलं नाही.

थडग्यांमध्ये गाइडला आत बोलायची परवानगी नसते. आत सगळ्यांच्या श्वासाने दमटपणा वाढतो, रंगाला तो मानवत नाही, आणि गर्दीही तुंबते. म्हणून गाइड बाहेर उन्हात उभा राहून सांगतो आणि लोक सावली शोधत असतात, ऐकत कुणीच नाही. यावर उपाय प्रवेशद्वाराच्या इमारतीत आहे. तिथे खोऱ्याचं एक पारदर्शक मॉडेल ठेवलंय. वरून डोंगर, आणि खाली काचेतून लोंबकळणारे थडग्यांचे बोगदे, मुळांसारखे. बहुतेक ग्रुप त्याच्या बाजूने धावत विजेच्या छोट्या गाडीकडे जातात, तिला तिथे तफ-तफ म्हणतात. तुम्ही तिथे दहा मिनिटं थांबा. गाइडला सांगा, एकच गोष्ट सांग: सूर्य रात्री नावेत बसतो, रात्रीचे बारा तास म्हणजे बारा दारं, वाटेत अपोफिस नावाचा साप त्याला अडवतो, आणि मेलेला राजा त्याच नावेत असतो. एवढं कळलं की भिंतीवर नाव दिसली, साप दिसला, तुतनखामुनच्या भिंतीवरची बारा माकडं दिसली की लोक स्वतःच एकमेकांना दाखवतात. राजांची नावं पाठ करण्यात अर्थ नाही.

नावांवरून आठवलं. दर ग्रुपमध्ये एक जण विचारतोच, "रामसेस म्हणजे आपला राम का हो?" नाही. 'रा' हा सूर्यदेव आणि पुढचा भाग म्हणजे जन्म दिलेला. रा-ने जन्म दिलेला तो रामसेस, थोथने जन्म दिलेला तो थुतमोस. व्हॉट्सॅपवर याच्या उलट काही आलं असेल तर बसमध्ये वाद घालू नका, दिवस मोठा आहे.

दुसरी तुलना मात्र मला रास्त वाटते, अजिंठ्याची. ती आपले लोक पहिल्या थडग्यातच काढतात. डोंगर कोरायचा, भिंतीला गिलावा द्यायचा, त्यावर रंग, हे दोन्हीकडे आहे. सेती पहिल्याचं थडगं बेल्झोनी या इटालियन शोधकाला १८१७ मध्ये सापडलं आणि अजिंठ्याची लेणी कॅप्टन जॉन स्मिथला १८१९ मध्ये दिसली, म्हणजे दोन वर्षांचं अंतर. दोघांनाही भिंतीवर नाव कोरायची खोड होती, स्मिथचं दहाव्या लेण्यात अजून आहे. पण एक फरक मी लोकांना आवर्जून सांगतो. अजिंठा माणसांनी येऊन बसावं, पाहावं यासाठी रंगवलाय. हे थडगं रंगवून झालं की दार बंद, वर दगडगोटे, संपलं. इथे एकेका पिसाऱ्याची रेघ काढणाऱ्याला माहीत होतं की हे यापुढे कुणी बघणार नाही.

आणि तो अंधारात कसा रंगवायचा? पहारेकरी तुम्हाला चकचकीत पत्रा हातात घेऊन ऊन आत कसं पाडत ते करून दाखवेल, फोटो छान येतो, बक्षीसही घेईल. पण कारागिरांच्या गावात सापडलेल्या दगडी कपऱ्यांवर दिव्याच्या वातींचा हिशेब लिहिलेला आहे. किती वाती आज दिल्या, किती उरल्या. म्हणजे काम तेला-चरबीच्या दिव्यावरच चालायचं.

हे गाव म्हणजे देर अल-मदिना, आणि तुमच्या कागदावर ते नाही. मी तुमच्या जागी असतो तर अलाबास्टरचा कारखाना काढून हे घातलं असतं. कारखान्यात तेच होतं जे तुम्हाला माहीत आहे: ओसरीवर चार माणसं दगड घासून दाखवतात, आत थंड पेय मिळतं, मग पाऊण तास दुकान. बहुतेक ठिकाणी विक्रीवर कमिशन असतं, हे आमच्या धंद्यातलं उघड गुपित आहे. गाइडचं घर त्यावरही चालतं, म्हणून त्याला तोंडावर नाही म्हणू नका. आदल्या रात्री तुमच्या टूर मॅनेजरला सांगा आणि गाइडला टीप वाढवून द्या, मामला मिटतो.

देर अल-मदिनात राजांची थडगी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर राहायचे. घरांच्या पायांच्या ओळी, मधली गल्ली, आणि वर टेकडीत त्यांची स्वतःची थडगी. त्यातल्या सेनेजेम या कारागिराचं थडगं १८८६ मध्ये न फुटलेलं सापडलं. त्याच्या एका भिंतीवर तो आणि त्याची बायको परलोकात शेती करताहेत: तो नांगर धरतोय, ती मागून बी टाकतेय, खाली पाण्याचे पाट आणि खजुराची झाडं. रंग काल दिलेला वाटतो. जिना अरुंद आणि वाकून जायचा आहे, एका वेळी सहा-सात माणसंच मावतात, म्हणून सासूबाईंना इथे गावाच्या भिंतीपाशी सावलीत बसवा.

याच गावातल्या लोकांनी रामसेस तिसऱ्याच्या राज्याच्या २९व्या वर्षी काम बंद केलं. मजुरी धान्यात मिळायची, ती वेळेवर आली नाही. हत्यारं टाकून सगळे जाऊन मंदिरांमागे बसले, आम्ही भुकेले आहोत म्हणाले. याची नोंद पपायरसवर आहे, इतिहासात लिखित पुरावा असलेला हा सर्वांत जुना संप. मी हे सांगत होतो तेव्हा ग्रुपमध्ये लालबागचे एक आजोबा होते. १९८२च्या संपात गिरणी गेलेले. ते इतका वेळ मागे मागे, टोपी सावरत चालत होते. पुढे आले आणि त्यांनी एकच विचारलं, "मग मिळालं का धान्य?" मिळालं, मी म्हटलं. थकलेलं धान्य दिलं, पुन्हा थकलं, पुन्हा बसले, पुन्हा दिलं. "बरं झालं," म्हणाले. सकाळी पाहिलेलं वादकांचं थडगं त्याच राजाचं, हे मी सांगितल्यावर ते बराच वेळ डोंगराकडे बघत उभे होते.

हतशेपसूतचं मंदिर, देर अल-बहरी, साडेनऊ-दहाला गाठा. पूर्वेला तोंड करून आहे, म्हणजे सकाळचं ऊन समोरून पडतं आणि मागचा कडा उजळतो. अकरानंतर मात्र तिथे तवा तापतो, सावलीचं नावही नाही. फाटकापासून पायथ्यापर्यंत गाडी आहे, तिथून दोन मोठे उतार. सासूबाईंना मधल्या मजल्यापर्यंत आणा, बघण्यासारखं तिथेच आहे. डाव्या हाताच्या ओवरीत पुंट देशाच्या सफरीची चित्रं: तांबड्या समुद्रातून गेलेली गलबतं, टोपल्यांत मुळांसकट आणलेली धुपाची झाडं, पुंटची स्थूल राणी. गलबतांखालच्या पाण्यात मासे कोरलेत, ते इतके बारकाईने की त्यांच्या जाती ओळखता येतात. मालवणचे एक काका तिथे वीस मिनिटं अडकले होते. उजव्या हाताला अनुबिसचं छोटं देऊळ आहे, तिथे रंग सर्वांत ताजे. आणि तिथेच भिंतीवर माणसाच्या आकाराचा एक खरवडलेला डाग शोधा. ती हतशेपसूत. ती सुमारे वीस वर्षं राजा म्हणून राज्य करून गेली, आणि मागून आलेल्या थुतमोस तिसऱ्याच्या कारकिर्दीत तिची चित्रं छिन्नीने काढून टाकली. इतक्या काळजीने काढली की बाह्यरेषा शाबूत राहिली.

मेम्नॉनच्या पुतळ्यांना वीस मिनिटं पुरतात. अठरा मीटर उंच, आमेनहोतेप तिसऱ्याचे, मागचं मंदिर जवळजवळ गेलंय. भूकंपाने तडा गेल्यावर एक पुतळा पहाटे आवाज करायचा, तो ऐकायला रोमन सम्राट हेड्रियन इ.स. १३० मध्ये येऊन गेला. पुढे डागडुजी झाली आणि आवाज बंद पडला. रस्त्याकडेलाच आहेत, फोटो काढा आणि निघा.

मग जेवण. शाकाहारी असाल तर इजिप्तमध्ये उपाशी राहत नाही. तामेया म्हणजे बाकल्यासारख्या शेंगांच्या दाण्यांचा वडा, आतून हिरवागार, गरम असेल तर बटाटेवड्याची आठवण येत नाही. फूल म्हणजे त्याच दाण्यांची उसळ, सोबत कोंड्याची भाकरी, तिला ऐश म्हणतात. कोशरीत भात, मसूर, मॅकरोनी, वर टोमॅटोचा झणझणीत रस्सा. पहाटेच्या बसमध्ये मात्र आपले ठेपले आणि चिवडाच, कारण क्रूझवरून मिळणाऱ्या खोक्यात थंड पाव आणि उकडलेलं अंडं असतं.

आता एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. क्रूझ पूर्वेच्या काठाला लागते आणि थडगी पश्चिमेला. बस दक्षिणेकडच्या पुलावरून फिरून जाते, एका बाजूला पाऊण तास. मोटरबोटीने नदी ओलांडायला दहा मिनिटं लागतात. परतताना बोट मागा, बस रिकामी येऊ दे. वाचलेल्या वेळात सासूबाई दोन तास आडव्या होतात आणि संध्याकाळ त्यांची होते. दुपारी एक ते तीन हा वेळ कुठल्याही कारणाने कुणाला देऊ नका.

तीनला कर्णक. हे पाच-सहा शतकांपेक्षाही जास्त काळ एकामागून एक राजे बांधत राहिले, त्यामुळे सगळं समजून घ्यायच्या फंदात पडू नका. दोनच जागा. पहिल्या प्रचंड दरवाजातून आत गेल्यावर मागे वळा. डाव्या हाताला दरवाजाच्या भिंतीला टेकून कच्च्या विटांचा एक ढिगारा उभा आहे. लोकांना तो कचरा वाटतो. तो उतार आहे, ज्यावरून दगड वर चढवायचे. दरवाजा पुराच झाला नाही, म्हणून तो काढायचा राहिला. तिथल्या ओवरीत एक खांबही तसाच ओबडधोबड, दगड रचलेले पण गोल न केलेले. पिरॅमिड परग्रहावरच्या लोकांनी बांधले म्हणणारा तुमच्या ग्रुपमध्ये कुणी असेल तर त्याला इथे उभं करा आणि काही बोलू नका.

दुसरी जागा खांबांचा सभामंडप. १३४ खांब, मधले १२ जवळपास २१ मीटर उंच. सेती पहिल्याने आणि त्याचा मुलगा रामसेस दुसरा याने उभा केला. मधून चालू नका, तिथे सगळे चालतात. बाजूच्या रांगांमध्ये शिरा आणि वरच्या आडव्या तुळयांच्या पोटाला बघा, निळा आणि पिवळा रंग अजून आहे, कारण तिथे ऊन पोचत नाही. पुढे हतशेपसूतचा जवळपास ३० मीटरचा एकसंध ग्रॅनाइटचा स्तंभ, अस्वानहून नदीतून आणलेला. तळ्याकाठच्या दगडी भुंग्याला लोक सात प्रदक्षिणा घालतात. माणसं हरवली तर भेटायची जागा म्हणून तो भुंगाच ठरवून ठेवा. कर्णकमध्ये माणसं हरवतातच.

बक्षिसाबद्दल. हा शब्द तिकडेही तसाच आहे, फक्त अर्थ जरा रुंद झालाय. पहारेकरी पंख्यासारखं पुठ्ठं हातात देतो, दोरीपलीकडे बोलावतो, फोटो काढून देतो, आणि मग हात पुढे येतो. दोरीपलीकडे जाऊ नका. बाकीच्यासाठी ग्रुपचा एकच खजिनदार नेमा आणि त्याच्याकडे सुट्या नोटांची पिशवी द्या, नाहीतर २२ जण २२ वेळा हुज्जत घालतात. नको असेल तर "ला, शुक्रन", हसून, न थांबता. स्वच्छतागृहासाठीही सुटे लागतात.

लक्सर मंदिर अंधार पडल्यावरच. जानेवारीत साडेपाचनंतर दिवे लागतात, हवा गार होते, शाल लागते. जागा सपाट आहे आणि बसायला दगड आहेत, सासूबाईंना दिवसातलं सर्वांत जास्त हेच आवडेल असं मी आत्ताच सांगून ठेवतो. दारात एकच स्तंभ दिसेल, त्याचा जोडीदार १८३६ पासून पॅरिसच्या चौकात उभा आहे. आत पहिल्या अंगणात डावीकडे मान वर करा. अबू हग्गागची मशीद मंदिराच्या खांबांवर बसलेली आहे आणि तिचं जुनं दार हवेत उघडतं, जमिनीपासून कितीतरी मीटर वर. मशीद बांधली तेव्हा मंदिर तिथपर्यंत वाळूत गाडलेलं होतं आणि ते दार रस्त्याच्या पातळीला होतं. साडेसहा-पावणेसातच्या सुमाराला तिथे असलात तर वरून अजान सुरू होते. त्या वेळी गाइडला थांबवा, सासूबाईंना एखाद्या दगडावर बसवा आणि थर्मासमधला चहा काढा.